जिप्सी किंग सॉफ्ट टॉप: स्टिरिओ-स्पीकर बदलायचे आहेत, दरवाजे कापू की नको?

राऊ_जिप्सी

नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची जिप्सी किंग, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन), सॉफ्ट टॉप, एमपी ०९ पासिंग. आठवडाभर इंदुरात, सुटीला चोरल, जानापावकडच्या कच्च्या वाटा. डॅशमध्ये सिंगल डिनचा (एका खणाच्या मापाचा) जुना सीडी स्टिरिओ आहे, मागच्या समोरासमोरच्या बाकांखाली प्लायच्या डब्यांत सहा बाय नऊ इंची दोन ओव्हल (लंबगोल स्पीकर). अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा डबा) नाही. दरवाजे अजून कोरे आहेत, स्पीकरसाठी कापलेले नाहीत.

तक्रारी तीन. ताशी ६० च्या पुढे गाणं कळतच नाही, नुसती मागून धडधड. गाडी रेस केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेसबरोबर चढत जाते. आणि आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते.

दुकानात सगळे नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आणि बारा इंची बेसट्यूब (खालच्या सुरांचा नळकांडी स्पीकर) घ्या म्हणतात. बजेट साधारण २५ हजार. दरवाजे कापायला जीव धजत नाही, पण पर्याय नसेल तर कापेन. पावसाचं काय करायचं तेही सांगा.

महू_फोर_बाय_फोर

बेसट्यूब विसरा. बंद मोटारीत काच-पत्र्याची खोली असते, तिच्यामुळे खालचे सूर आपोआप फुगतात. कापडी टपाच्या गाडीला ती खोलीच नाही, बास तयार झाला की बाहेर जातो. त्यातून टायर आणि टपाची फडफड यांचा आवाज नेमका खालच्या सुरांत असतो, म्हणजे तुम्ही घातलेला बास तो आधी गिळतो. चालत्या जिप्सीत ऐकू येतो तो मधला पट्टा: माणसाचा गळा, गिटार, ढोलकीची चाटी. तो पट्टा समोरून यायला हवा. तुमचे ओव्हल मागे, बाकाखाली, प्रवाशांच्या पोटऱ्यांकडे तोंड करून आहेत, मग कळणार काय?

स्पीकर घेताना खोक्यावरचे "मॅक्स ३०० वॉट" वाचू नका. दोनच आकडे बघा, आरएमएस (सतत पेलणारी ताकद) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीवर किती मोठा वाजतो). सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असली की तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद लागते. ८९ चा स्पीकर ५० वॉटवर जेवढा वाजतो तेवढा ९२ चा २५ वॉटवर. यातही एक गंमत आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॉटवर देतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, त्यामुळे आकडा फुकटात ३ ने फुगतो. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हीकडे एकच माप आहे ना, ते पाहा.

दरवाजे कापा, पण सव्वापाच इंचीसाठी. साडेसहा इंचीचा मोह होतो, पण जिप्सीचा दरवाजा उथळ आहे. काच पूर्ण खाली करा, आतल्या पत्र्यापासून काचेपर्यंत पट्टीने मोजा आणि मगच स्पीकर विकत घ्या. सव्वापाच इंचीला साधारण ५० ते ६० मिमी खोली लागते, साडेसहाला ६० ते ७०. कमी पडलं तर १२ मिमीची रिंग द्या. रिंग एमडीएफची (लाकडी भुशाच्या बोर्डाची) नको, पहिल्याच पावसात ती पोळीसारखी फुगते. एचडीपीई प्लास्टिकची जाड शीट किंवा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, कडा एनॅमलने दोन हात रंगवलेला. रिंग बसवल्यावर काच वर-खाली करणारं हँडल पूर्ण फिरवून बघा, जाळीला घासता कामा नये. ड्रायव्हरचा गुडघाही तिथेच येतो.

स्पीकरचा कोन (मधला हलणारा पडदा) कागदी नको, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा हवा आणि सराउंड (त्याच्या कडेची वळी) रबराचा. फोमचा सराउंड इथल्या ऊन-पावसात भुगा होतो.

स्पीकर पत्र्याला आवळायचा, हार्डबोर्डच्या ट्रिमला नाही. ट्रिमला लावलेला स्पीकर सहा महिन्यांत खडखडतो, कारण स्क्रूची भोकं ओलीने मऊ पडतात. जिगसॉने कापलेली कड कानशीने साफ करून लगेच झिंक प्रायमर मारा. ती कड तशीच ठेवली तर गंज आतून रंगाखाली सरकतो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

बायपास_वायरमन

स्पीकरबद्दल वर बरोबर लिहिलंय. मी शिट्टी आणि बॅटरीबद्दल लिहितो, कारण त्या दोन गोष्टी सुटल्याशिवाय नवं सामान टाकलं तर तीच शिट्टी चौपट मोठी ऐकू येईल.

बॅटरी आधी. स्टिरिओला दोन लाइव्ह वायरी असतात. पिवळी कायमची १२ व्होल्ट, मेमरीसाठी. लाल किल्लीवरची. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा कोणीतरी दोन्ही पिळून थेट बॅटरीवर दिलेल्या असतात, त्यामुळे सेट कधी झोपतच नाही. मल्टिमीटर १० अँपियरच्या घरात लावा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर जोडा, किल्ली काढलेली, दरवाजे बंद. ५० मिलिअँपियरच्या आत हवं. २०० दाखवलं तर दिवसाला जवळपास ५ अँपियर-तास गेले, आठवड्यात बॅटरी संपणारच. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडतो तिथे चोर. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आता शिट्टी. रेसबरोबर चढणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटर, आणि दहापैकी नऊ वेळा दोष अल्टरनेटरचा नसतो, अर्थचा (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या जोडणीचा) असतो. जिप्सीची बॉडी चॅसिसवर रबराच्या बुशांवर बसलेली आहे. म्हणजे बॉडीचा अर्थ एक-दोन पट्ट्यांवरच अवलंबून, आणि वीस वर्षांत त्या पट्ट्यांच्या टोकांना हिरवा गंज धरतो. बॅटरी-बॉडी, बॅटरी-इंजिन, बॉडी-चॅसिस अशा तिन्ही जागी नवी १६ स्क्वेअर मिमीची वायर, क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) तांब्याचे लग (वायरीची टोकं), खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलेला, दातेरी वॉशर, वर ग्रीस. तपासायचं असेल तर इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं स्टिरिओच्या अर्थवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर शिट्टीचं घर सापडलं.

आणि शिट्टीऐवजी टकटक असेल आणि तीही रेसबरोबर वाढत असेल तर ती इग्निशनची. तिथे प्लग वायरी आणि रेझिस्टरवाले प्लग बघा, स्टिरिओला दोष देऊ नका.

राऊ_जिप्सी

मीटर लावला, १८० मिलिअँपियर. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर २०. म्हणजे पिवळी-लाल एकत्रच असणार. अर्थ उद्या करतो.

मग अ‍ॅम्प हवाच का? नव्या स्टिरिओवर ५० गुणिले ४ (चार स्पीकरांना ५०-५० वॉट) लिहिलेलं असतं. आणि अ‍ॅम्प ठेवायचा कुठे, गाडी धुताना आत पाणी जातं.

बायपास_वायरमन

ते ५० गुणिले ४ म्हणजे क्षणभराचा आणि विकृत आवाजाचा आकडा. १४.४ व्होल्टवर, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसताना, ४ ओहमला खरी स्वच्छ ताकद चॅनलमागे (म्हणजे एका स्पीकरमागे) १५ ते २० वॉट, बस. बंद गाडीत चालतं, तुमच्या गाडीत नाही.

छोटा चार चॅनलचा, चॅनलमागे ४५-५० वॉट आरएमएसचा अ‍ॅम्प घ्या, शक्यतो क्लास डी. तो लहान असतो, कमी तापतो. हिशेब सोपा: ४ गुणिले ४५ म्हणजे १८० वॉट. क्लास एबीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर १३.८ व्होल्टवर साधारण २२ अँपियर, क्लास डीला ८० टक्के धरून १६ च्या आसपास. दोन्हीला बॅटरीपासून स्वतंत्र १० स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर आणि ३० अँपियरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो अ‍ॅम्पचं नाही, वायरचं रक्षण करतो. फायरवॉलच्या पत्र्याने वायर कापली गेली आणि फ्यूज पलीकडे अ‍ॅम्पजवळ असला तर जळते ती गाडी. भोकाला रबरी ग्रोमेट आणि वायरवर कोरुगेटेड पाइप, याला पर्याय नाही.

तयार "वायरिंग किट"मधली जाडजूड वायर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. एक तार ब्लेडने खरवडा: बाहेर तांबडी, आत चंदेरी तर ती घेऊ नका. बाहेर चंदेरी आणि आत तांबडी म्हणजे टिन केलेलं तांबं, ओल्या गाडीसाठी सगळ्यात चांगली. महाराणी रोडला इलेक्ट्रिकलच्या दुकानांत तांब्याची लवचीक वायर मीटरवर मिळते, लगही तिथेच. हार्डवेअरसाठी सियागंज.

जागा: पॅसेंजर सीटखाली, पण जमिनीवर नाही. ४०-५० मिमी उंच ब्रॅकेटवर, टर्मिनलची बाजू खाली येणार नाही अशा बेताने. प्रत्येक वायरला अ‍ॅम्पमध्ये शिरण्याआधी खाली एक झोका द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्यात थेंबून खाली पडतं, अ‍ॅम्पमध्ये जात नाही. आरसीए केबल (स्टिरिओतून अ‍ॅम्पकडे आवाज नेणारी) एका बाजूने, पॉवर वायर दुसऱ्या बाजूने. अ‍ॅम्प चालू-बंद करायला स्टिरिओची निळी-पांढरी वायर, दुसरं काही जोडू नका.

सूर_हवा_दणका_नको

बाकी सगळं पटलं, फक्त एक मतभेद. चार चॅनल असले तरी मागचे स्पीकर हवेतच कशाला? २५ हजारांत चार बरे स्पीकर घेण्यापेक्षा पुढे दोन उत्तम घ्या आणि उरलेले पैसे दरवाजाच्या डॅम्पिंगवर (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या शीटवर) घाला. मागे बसणाऱ्यांना पुढचंच छान ऐकू येतं.

डॅम्पिंगबद्दल कोणी बोललंच नाही. जिप्सीचा दरवाजा म्हणजे पत्र्याचा डबा. स्पीकरच्या मागून निघालेला आवाज सर्व्हिस होलमधून (आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून) पुढे येतो आणि पुढचा आवाज खाऊन टाकतो. अॅल्युमिनियम फॉइलवाली २ मिमी ब्यूटाइल रबराची शीट घ्या. डांबरी शीट स्वस्त पडते, पण मे महिन्यात बंद उभ्या गाडीत ती वितळून सरकते आणि वास मारते तो वेगळा. बाहेरच्या पत्र्याला आतून तीसेक टक्के चिकटवली तरी पुरे, सगळा पत्रा मढवायची गरज नाही. आधी थिनरने पुसा, रोलरने दाबा. आतल्या पत्र्याची मोठी भोकं त्याच शीटने बंद करा, फक्त लॉकच्या दांड्या आणि काचेची यंत्रणा अडकत नाही ना बघा. दरवाजाच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात ती उघडीच हवीत. ती बुजली की दरवाजात पाणी साचतं आणि तळ सडतो. पाण्याचा ओघळ चुकवायला स्पीकरच्या वर आतून फोमची छत्री लावा, पूर्ण टोपी नको, त्यात पाणी साचतं.

हाय-पास (खालचे सूर अडवणारी चाळणी) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. सव्वापाच इंचीला ५० हर्ट्झ वाजवायला लावलं तर कोन नुसता आत-बाहेर आपटतो, आवाज फाटतो, आणि लोक म्हणतात स्पीकर खराब निघाला.

जोडल्यावर पोलॅरिटी तपासा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरीला क्षणभर टेकवा, धन टोकाला धन लागलं की कोन बाहेर यायला हवा. एक दरवाजा उलटा जोडला गेला तर दोघे एकमेकांचा बास मारतात.

गेन (अ‍ॅम्पने आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) कानाने लावू नका. स्पीकरच्या वायरी काढा, इक्वलायझर सपाट, १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मीटर एसी व्होल्टमध्ये. ४५ वॉट आणि ४ ओहमला गुणाकार १८०, वर्गमूळ १३.४. मीटरवर १३.४ व्होल्ट आले की गेनचा स्क्रू सोडा.

राऊ_जिप्सी

मागचे ओव्हल काढतोय मग. स्टिरिओ कोणत्या प्रकारचा घेऊ? स्क्रीन नकोच ना?

महू_फोर_बाय_फोर

टप उघडा असताना दुपारी त्या स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसतं, गाणं नाही. सीडी नसलेला सिंगल डिन घ्या. आत फिरणारं काही नसल्यामुळे खड्ड्यात गाणं तुटत नाही, डबाही आखूड असतो, मागे वायरी कोंबाव्या लागत नाहीत. काढता येणारा चेहरा (पुढचं पॅनेल) हवा, कापडी टपाच्या गाडीला कुलूप नसतंच. आरसीए किमान एक जोडी, हाय-पास आतच असलेला. स्पीकरच्या जाळीवर बसलेली मालव्याची काळी धूळ ओल्या फडक्याने पुसायची नाही, चिखल होऊन आत जातो. कोरडा ब्रश.

बायपास_वायरमन

एक राहिलं. अ‍ॅम्प चालू असताना किंवा त्याचा अर्थ सुटलेला असताना आरसीए काढ-घाल करू नका. बऱ्याच स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थला आत केसाएवढा फ्यूज असतो, तो उडाला की अर्थ कितीही घासा, शिट्टी जात नाही. आणि दरवाजातली वायर बिजागरीजवळ रबरी नळीतून न्या, दरवाजा पूर्ण उघडल्यावरही ती थोडी सैल राहिली पाहिजे.