टर्मिनल इन्स्टॉलरला बाण, टॅब, स्पेस आणि एंटर एवढंच पुरे आहे

संकलन_डेस्क (धागाकर्ता)

आम्ही पाच जण दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. ते डेबियन लिनक्सवर चालतं आणि बसवायला टर्मिनलमधला, म्हणजे माऊसशिवाय नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारा इन्स्टॉलर आहे, व्हिपटेल (स्क्रिप्टमधून चौकटी आणि बटणं दाखवणारा छोटा प्रोग्रॅम) वापरून लिहिलेला. आता तो नव्याने लिहायला घेतलाय आणि कुठल्या कीला काय करायला लावायचं यावरून आमच्यात दोन तट पडलेत. माझं मत ठाम आहे. बाण, टॅब, स्पेस, एंटर. पाचवी की नको. एफ-कीज (वरच्या ओळीतल्या एफ-१ ते एफ-१२) नकोत, ऑल्ट-अक्षर नको, कंट्रोल-अमुक नको.

एडिटरचे शॉर्टकट रोज वापरून हातात बसतात. इन्स्टॉलर माणूस वर्षातून एकदा उघडतो, तेवढ्यात हाताला काय सवय लागणार? त्यातून आमच्याकडे तो फोनवर सांगून चालवून घ्यावा लागतो. केंद्रावरचा मुलगा लॅपटॉपसमोर आणि मी इकडे. "एफ-१० दाब" म्हटलं की त्याच्याकडे आवाज वाढतो नाहीतर स्क्रीन अंधारते, कारण लॅपटॉपवर ती ओळ आधी आवाज-उजेडाची असते, एफ-कीजची नंतर. मग "एफएन धरून दाब" हे समजावण्यात पाच मिनिटं जातात. ग्नोम टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्स डेस्कटॉपवरच्या टर्मिनल खिडकीत, तर एफ-१० ने टर्मिनलचाच मेनू उघडतो, एफ-१ ने टर्मिनलचीच मदत. की आमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. पॅकेजच्या ओळी सरकत असताना कोणी 'सेव्ह' समजून कंट्रोल-एस दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत हलत नाही, आणि समोरचा म्हणतो मशीन हँग झालं.

सगळ्यात वाईट अनुभव एस्केपचा. अपग्रेडच्या आधी आम्ही विचारायचो, "बॅकअप घ्यायचा का?" हो किंवा नाही. व्हिपटेल स्क्रिप्टला 'हो'साठी ० परत देतं, 'नाही'ला १ आणि एस्केपला २५५. आमच्या स्क्रिप्टमध्ये ० नसेल तर 'नाही' असंच धरलेलं होतं. एका केंद्रावर मुलाला मागच्या पडद्यावर जायचं होतं म्हणून त्याने एस्केप दाबलं. बॅकअप न घेता अपग्रेड सुरू झालं, ते अर्ध्यात अडकलं आणि दहा दिवसांच्या नोंदी वहीवरून पुन्हा भराव्या लागल्या. चूक माझी होती, स्क्रिप्ट मीच लिहिली होती. त्या दिवसापासून मला जास्तीच्या कीजची धास्ती आहे.

रॅकवाला

अनुभव पटला, निष्कर्ष नाही पटला. २५५ न तपासणं ही स्क्रिप्टमधली चूक आहे, त्याची शिक्षा कीबोर्डला कशासाठी?

मी सर्व्हर रूममध्ये काम करतो. एकेका रात्री वीस-पंचवीस मशीन उभी करावी लागतात, बरीचशी सिरीयल कन्सोलवरून, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड न लावता एका तारेवरून. मला तो इन्स्टॉलर हातात बसलेलाच लागतो. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या मजकुरी इन्स्टॉलरमध्ये पडद्याच्या तळाशी एक ओळ कायम असायची: टॅबने पुढच्या घटकावर, स्पेसने निवड, एफ-१२ ने पुढचा पडदा. एफ-१२ होतं म्हणून दहा चौकटींच्या पडद्यावर दहा टॅब मारत बसावं लागत नसे. ओपनसुसे लिनक्सच्या यास्ट या बसवणीच्या साधनात एफ-१० पुढे, एफ-९ रद्द, एफ-१ मदत, आणि बटणावर जे अक्षर उठून दिसतं ते ऑल्टसोबत दाबलं की झालं. ज्याला नको त्याने टॅब मारावेत. शॉर्टकट असल्याने त्याचं काय बिघडतं?

एफ-कीज मात्र मीही सोडायला तयार आहे. सिरीयलवर एफ-१ म्हणजे एस्केपपासून सुरू होणाऱ्या तीन-चार किंवा जास्त खुणांची माळ जाते, आणि ती माळ टर्मिनलप्रमाणे बदलते. एनकर्सेसला (टर्मिनलमधले पडदे आणि कीज सांभाळणारी लायब्ररी) तर नुसतं एस्केप आलंय की अशी माळ सुरू होतेय हे ठरवायला थांबावं लागतं, आणि ही वाट पाहणं मुळात १,००० मिलिसेकंदांचं ठेवलेलं आहे. एस्केप दाबून एक सेकंद काहीच घडत नाही, मग माणूस पुन्हा दाबतो आणि दोन पडदे मागे जातो. म्हणून साधं अक्षर. 'पी' म्हणजे पुढे, 'एम' म्हणजे मागे. साधं अक्षर कुठल्याही तारेवरून जसंच्या तसं पोचतं.

आणखी एक. तुमचा चार कीजचा नियम तुम्ही आजच पाळत नाही आहात. व्हिपटेलच्या यादीत अक्षर दाबा, त्या अक्षराच्या नोंदीवर उडी बसते. ज्या न्यूट लायब्ररीवर ते उभं आहे तिच्यातच ही सोय आहे.

संकलन_डेस्क

उडीचं खरंच लक्षात नव्हतं, मान्य. पण पंचवीस मशीन असतील तर मेनूत शिरायचंच कशाला? डेबियनला प्रीसीड आहे, रेड हॅटला किकस्टार्ट आहे. उत्तरं एकदा फाइलमध्ये लिहा आणि कीबोर्डला हातच लावू नका. मेनू उरतो तो पहिल्यांदा बसवणाऱ्यासाठी, मग त्याचाच विचार आधी करायला हवा.

रॅकवाला

उत्तरांची फाइल चालत नाही तेव्हाच मी मेनूसमोर असतो. रात्री दोन वाजता, डिस्क बदललेली, नाव बदललेलं, फाइल अडकलेली. नेमकं तेव्हाच मला घाई असते.

साधा_प्रश्न

दोघंही चौकटी आणि बटणं गृहीत धरून भांडताय. ती काढूनच टाका.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा इन्स्टॉलर बघा. एक प्रश्न, शेजारी चौकटी कंसात ठरलेलं उत्तर. पटलं तर एंटर, नाहीतर टाइप करा. पासवर्डचा प्रश्न सोडून कुठेही उद्गारचिन्ह टाइप केलं की शेल (आज्ञा टाइप करायची जागा) मिळतो, काम करून परत या. पडदा पुसला जात नाही, त्यामुळे आधी काय उत्तर दिलं ते वर सरकवून वाचता येतं. फोनवरून मदत करणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? "शेवटची ओळ वाचून दाखव" एवढं म्हटलं की झालं.

हे मी दुसऱ्या कारणानेही सांगतोय. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) काम करतो. चौकटीतला निवडलेला पर्याय फक्त रंगाने कळत असेल तर माझ्यासाठी तो नसल्यातच जमा. डेबियनचा बूट मेनू आला की बीप वाजतो, मी 'एस' आणि एंटर दाबतो आणि आवाजी इन्स्टॉलर सुरू होतो. त्यात चौकटी नाहीत. पर्यायांना क्रमांक असतात, क्रमांक टाइप करायचा. कोणाच्याही मदतीशिवाय मी पहिल्यांदा स्वतः मशीन उभं केलं ते याच्यामुळे. त्या एका 'एस'ला तुम्ही पाचवी की म्हणून काढणार का?

मराठीकरण

भाषांतर करते त्या बाजूने लिहिते. रॅकवाला, तुमचं 'पी' म्हणजे पुढे हे मराठी मेनूत कसं दाखवायचं? बटणावर 'पुढे' लिहिलंय, त्यात रोमन अक्षर कुठे आहे अधोरेखित करायला? 'प'च अधोरेखित केला तर वापरणाऱ्याला कीबोर्ड आधी इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर न्यावा लागेल, आणि इन्स्टॉलर सुरू असताना तो कसा बदलायचा हे आणखी एक गाऱ्हाणं. ग्राफिकल प्रोग्रॅममध्ये आम्ही शब्दापुढे कंसात रोमन अक्षर देतो. ऐंशी अक्षरांच्या पडद्यावर तेवढी जागा काढताना घाम फुटतो. यादीतली उडीही देवनागरी नोंदींवर बसत नाही.

मुळात लिनक्सच्या साध्या कन्सोलवर मराठी नीट उमटतच नाही. फाँटमध्ये फार तर ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरं जुळवणारं काहीच नाही. म्हणून डेबियनची मराठी ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये आहे, मजकुरी मेनूत नाही. टर्मिनल खिडकीत अक्षरं दिसली तरी मात्रांची रुंदी चुकते आणि चौकटीची उजवी कड वाकडी होते. साधा_प्रश्न म्हणतात तशी ओळीची पद्धत इथे मराठीला खरोखर सोयीची आहे. कड नाही, मग वाकणार काय? आणि १, २, ३ कुठल्याही भाषेत तेच राहतात.

संकलन_डेस्क

साधा_प्रश्न, नाही, तो 'एस' काढणार नाही. तुमच्या प्रतिसादानंतर मी आमचा इन्स्टॉलर डोळे मिटून, फक्त स्क्रीन रीडर लावून चालवला. तिसऱ्या पडद्यावर अडकलो.

रंगाचंही बरोबर आहे. 'हो' आणि 'नाही' अशी दोनच बटणं असली की लाल म्हणजे निवडलेलं की राखाडी, हे डोळसांनाही कळत नाही. फोनवर मला हे रोज विचारतात.

तेव्हा असं करतोय. चौकटी जाणार, क्रमांकांचे प्रश्न येणार. बाण, टॅब आणि स्पेसची गरजच संपली, म्हणजे माझ्या चारपैकी तीन कीज गेल्या. मागे जायला ०, सगळीकडे ०. एस्केप दाबलं तर काहीही होणार नाही. 'हो/नाही' कुठेच विचारणार नाही. "१. बॅकअप घेऊन पुढे, २. बॅकअप न घेता पुढे" असं पूर्ण लिहिणार, आणि २ निवडलं तर केंद्राचा कोड टाइप करून घेणार. एंटरला ठरलेलं उत्तर सगळीकडे असेल, या एका प्रश्नाला नसेल.

रॅकवाला

क्रमांक चालतील, माझ्या तारेवरून नीट येतात. पण कोड टाइप करायला लावणं मला मान्य नाही. पंचवीस वेळा तेच टाइप केलं की सव्विसाव्यांदा माणूस न वाचताच टाइप करतो. त्यापेक्षा बॅकअप मुकाट्याने घ्या, विचारूच नका. जागा कमी असेल तरच विचारा.

संकलन_डेस्क

आमच्या बऱ्याच केंद्रांवर १२८ जीबीची डिस्क आहे, तीही फोटोंनी भरलेली. जागा मोजून बघतो. जिथे पुरेल तिथे तुम्ही म्हणता तसं, न विचारता. जिथे पुरणार नाही तिथे कोड राहील.