नागिणीवर गेरू लावायचा का? (आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवरून)

बी-३०४ काकू: ह्यांना डाव्या बाजूला पाठीपासून पोटापर्यंत पुरळ आलंय, पाण्याचे फोड, आग आग होतीये म्हणतात. आधी दोन दिवस नुसतंच दुखत होतं, आम्ही गॅसेस समजून ओवा देत बसलो

ए-१०१ काका: वहिनी नागीण आहे ही. मंडईजवळ एक जण उतरवून देतात, गेरूचा लेप लावतात. पूर्ण विळखा पडायच्या आत जा, तोंड शेपटीला मिळालं की संपलं

बी-५०२ डॉक्टर: काका, गेरू तुळशी वृंदावनाला लावा 🙏 विळखा वगैरे काही नसतं. लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात ना, तो व्हायरस मणक्याजवळच्या नसांमध्ये वर्षानुवर्षं दडून राहतो, वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की एका नसेच्या पट्ट्यात वर येतो म्हणून तर एकाच बाजूला येतं. काकू पुरळ कधी आलं? शुगर आहे का काकांना?

बी-३०४ काकू: काल सकाळी. शुगर आहे ना, गोळ्या चालू आहेत

डॉक्टर: मग आजच दाखवा. व्हायरसच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो. मेडिकलमधून स्वतःच आणू नका, किडनी बघून डोस ठरतो



सी-२०१: अहो डॉक्टर, आमच्या सूनबाईंना सातवा महिना आहे, काल काकांबरोबर लिफ्टमध्ये होत्या 😟

डॉक्टर: नुसतं लिफ्टमध्ये उभं राहून काही होत नाही, फोड कपड्याखाली झाकलेले आहेत. फोडांच्या पाण्याला हात लागला तर लागण होते, आणि तीही कांजिण्यांची, ज्यांना त्या आधी झाल्या नाहीत, लसही नाही त्यांना. सूनबाईंना कांजिण्या झाल्या होत्या का ते त्यांच्या आईला विचारा, नसतील तर त्यांच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. खपल्या धरेपर्यंत लांबच बरं

ए-४०१: माझ्या सासूबाईंचे फोड गेले पण ठणका काही महिने राहिला, पदर टेकला तरी ओरडायच्या

डॉक्टर: हो, तो नसेचा ठणका, वय जास्त तेवढी शक्यता जास्त. साध्या पेनकिलरने भागत नाही, वेगळी औषधं असतात. आणि कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे, नजर जाऊ शकते

बी-३०४ काकू: साडेसहाची वेळ मिळाली, रिक्षा मिळेना पण

ए-१०१ काका: मी सोडतो, गाडी काढतोय. डॉक्टर, मला पण लहानपणी झालेल्या कांजिण्या, लस असते का ह्याची?

डॉक्टर: आहे की, शिंग्रिक्स, भारतात २०२३ ला आली. पन्नाशीच्या पुढे, २ डोस, मध्ये २ ते ६ महिने. महाग आहे मात्र

ए-१०१ काका: किती महाग?