कंत्राट दिल्यानंतरची देखरेख: आवश्यक नियंत्रण की कामातील अडथळा?

मूळ मत:
सार्वजनिक बांधकामातील गैरव्यवहाराची चर्चा बहुधा निविदा उघडण्यापाशी थांबते, परंतु माझ्या मते खरी गळती कार्यादेश निघाल्यानंतर सुरू होते. मुद्दाम कमी दर भरून काम मिळवायचे आणि पुढे अतिरिक्त बाबी, वाढीव परिमाणे व मुदतवाढ यांतून तो तोटा भरून काढायचा, ही रीत जुनी आहे. प्रामाणिक दर भरणारा स्पर्धक तोवर बाहेर पडलेला असतो. युरोपीय संघाच्या सार्वजनिक खरेदीविषयीच्या २०१४ च्या निर्देशानुसार अवास्तव कमी दराचे स्पष्टीकरण मागावे लागते आणि अनपेक्षित कारणास्तव केलेल्या बदलामुळे होणारी किंमतवाढ मूळ कराराच्या ५० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. मला तर ही मर्यादाही फार सैल वाटते. प्रत्येक बदलाचे कारण व रक्कम मंजुरीच्या दिवशीच जाहीर झाली पाहिजे.

प्रतिसाद १:
असहमत. पायाखाली कोणता खडक लागेल हे खोदल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे बदल म्हणजे लबाडी हे गृहीतकच चुकीचे आहे. आजच अभियंता चौकशीच्या भीतीने योग्य बदलावरही सही करायला धजावत नाही; फाइल फिरत राहते, पूल अर्धवट उभा राहतो आणि त्या विलंबाची किंमत कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. खर्च करायचाच असेल तर तो निविदेपूर्वीच्या भूस्तर तपासणीवर आणि अंदाजपत्रकावर करावा.

प्रतिसाद २:
माझा आक्षेप वेगळा आहे. सगळे दर उघड केले की संगनमत करणाऱ्यांना आपला साथीदार ठरल्याप्रमाणे वागला की नाही, हे आयतेच कळते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात बांधकाम क्षेत्रातील भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या शार्बोनो आयोगाने २०१५ मध्ये अहवाल दिला. तेथे निविदा मागवल्या जात असतानाही कंपन्यांनी कामे आपसांत वाटून घेतल्याचे उघड झाले.

मूळ लेखक:
भूस्तर तपासणीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र कारण लेखी नोंदवून जाहीर केलेला बदल प्रामाणिक अभियंत्याचे संरक्षणच करतो. संगनमताबाबत म्हणाल तर गुप्ततेमुळे साखळी तुटत नाही, फक्त बाहेरच्यांना ती दिसत नाही. वारंवार हरणारी कंपनी पुढे जिंकणाऱ्याचीच पोटकंत्राटदार झाली का, हे नोंदी खुल्या असल्याशिवाय कोण तपासणार? म्हणूनच प्रत्येक देयकासोबत पोटकंत्राटदारांची नावेही प्रसिद्ध व्हावीत, असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद १:
नावे प्रसिद्ध करण्यास माझा विरोध नाही. विरोध आहे तो टक्क्यांच्या सरसकट मर्यादेला.