चर्चा : नोकरीसाठी अर्ज निवडताना आडनाव झाकावे का?

प्रस्तावक : मोठ्या खासगी कंपन्यांच्या विविधता आणि सर्वसमावेशकतेच्या धोरणांत महिला, अपंग व्यक्ती आणि तृतीयपंथी यांचा उल्लेख आता आवर्जून असतो, जातीचा मात्र बहुधा नसतो. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेच्या पदवीधरांचे अर्ज पाठवले आणि फरक ठेवला तो फक्त नावांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला प्रतिसाद मिळण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश आढळले. संविधानाच्या १६व्या अनुच्छेदातील समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरतीच आहे, आणि खासगी नोकऱ्यांत दलित-आदिवासींना वाव देण्यासाठी उद्योगसंघटनांनी २००६च्या सुमारास पुढे केलेला मार्ग स्वेच्छेचा होता. म्हणून माझे म्हणणे असे की, पहिल्या छाननीत उमेदवाराचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, फोटो आणि मूळ गाव झाकावे, आणि मुलाखतीत घरच्यांविषयी विचारणे बंद करावे.

भोसरीतील लघुउद्योजक : माझ्या कारखान्यात जात कोणी विचारत नाही, लेथवर हात बसला आहे की नाही आणि माणूस वेळेवर येतो की नाही, एवढेच पाहिले जाते. आमच्याकडे अर्जांचे गठ्ठे येतच नाहीत. जुना कामगार सांगतो, "साहेब, माझा भाचा आयटीआय झालाय, बघा एकदा," आणि आम्ही त्याला ठेवून घेतो, कारण तो चुकला तर शब्द टाकणाऱ्यालाही त्याची लाज असते. असा भरवसा कोऱ्या नावाच्या कागदावर कुठून आणायचा? घरी कोण आहे हे मी विचारतो ते मुलगा टिकेल की चार महिन्यांत निघून जाईल याचा अंदाज यावा म्हणून, आणि त्यात भेदभाव पाहणे मला अन्यायाचे वाटते.

मनुष्यबळ विभागात काम करणारी : आपला हेतू शुद्ध आहे हे मान्य करूनही सांगते, की भाचा, मेहुणा, गाववाला अशी साखळी चालू राहिली की दहा वर्षांनी त्या शॉपफ्लोअरवर दोन-तीन तालुक्यांतले आणि एक-दोन समाजांतलेच लोक उरतात, आणि कोणालाही वगळण्याचा निर्णय कोणी घेतलेला नसतो. घरच्या चौकशीबद्दलही तेच. समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी थोरात-अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासाच्याच सुमारास मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा गुणवत्तेचा आग्रह धरणारे हेच लोक उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमीही तितकीच महत्त्वाची मानत असल्याचे दिसले. आपल्याकडे जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून उलगडा होत नाही, मग "गाव कोणतं? गावात कुठे राहता? वडील काय करतात?" असे प्रश्न एकामागून एक येतात. मुलाखतीच्या खोलीत मी हे वारंवार ऐकले आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाशी उमेदवाराचा आवाज बारीक होतो हेही पाहिले आहे. ज्याचे वडील सफाई कामगार आहेत त्या अभियंत्याने तिथे काय सांगावे?

विरोधी मत : प्रश्न खरा आहे, पण उपाय फसवा आहे. फ्रान्समध्ये नावे झाकून अर्ज पाठवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्यात सहभागी कंपन्यांत स्थलांतरित पार्श्वभूमीच्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. कारण नाव आणि वस्ती दिसत असताना निवड करणारे शिक्षणातला खंड समजून घेत असावेत, आणि झाकल्यावर तो नुसता खंड म्हणून उरला असावा. जो मुलगा शिकता शिकता रात्रपाळी करून पदवीधर झाला, त्याचे ५८ टक्के आणि शिकवण्या लावलेल्या मुलाचे ७० टक्के कोऱ्या कागदावर शेजारी ठेवले, तर कोण निवडला जाईल हे उघड आहे. त्याऐवजी कंपन्यांनी भरतीची सामाजिक आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी.

प्रस्तावक : फ्रान्सचा दाखला महत्त्वाचा आहे, परंतु त्या प्रयोगात कंपन्या स्वेच्छेने आल्या होत्या, म्हणजे ज्यांचे मन आधीच मोकळे होते अशाच बहुधा आल्या असाव्यात. माझी चिंता बाकीच्यांची आहे. तरीही टक्क्यांचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणून छाननीत गुणांऐवजी कामाचीच छोटी चाचणी ठेवावी, म्हणजे लेथवाल्याला लेथवर उभे करावे आणि हिशेबनिसाला एक खतावणी जुळवायला द्यावी, अशी दुरुस्ती मी सुचवतो. आकडेवारी जाहीर करण्यालाही माझा पाठिंबा आहे, मात्र ती जाहीर होईपर्यंत अर्ज बाजूला पडतच राहतील.

भोसरीतील लघुउद्योजक : चाचणीला माझी हरकत नाही. ओळखीने येणाऱ्या मुलालाही तीच चाचणी लावायला मी तयार आहे. घरची चौकशी मात्र मी सोडणार नाही.

मनुष्यबळ विभागात काम करणारी : मग निदान ती चौकशी निवड झाल्यानंतर, रुजू होण्याच्या कागदपत्रांसोबत करा.