मुखपृष्ठासाठी माझं मत फोंतेन्हासच्या फोटोला

मासिकाच्या मुखपृष्ठासाठी पणजीच्या मीरामार किनाऱ्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो घ्यावा असं बहुतेकांना वाटतंय, पण मला फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीतल्या निळ्या भिंतीपुढचा जास्त योग्य वाटतो. मीरामारच्या फोटोत मुलीचं डोकं वरच्या कडेला टेकलंय, म्हणजे मासिकाचं नाव थेट केसांवर येणार. शिवाय तो आडवा आहे. उभा कापला तर समुद्रच जातो. ए-४ साठी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) किमान २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, वर चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड). कापून तेवढे उरतात का, ते आधी बघा.

फोंतेन्हासच्या फोटोत ती सरळ आपल्याकडे बघते, डोळे लख्ख फोकसमध्ये. स्टॉलवर हात पुढे होतो तो अशा नजरेमुळे! फक्त स्क्रीनवरचा तो झळझळीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या शाईत, मंद पडतो, त्यामुळे छापील प्रूफ पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. आणि कृपा करून तिची त्वचा गुळगुळीत करू नका, गालावरचा तीळ राहू द्या.

मॉडेलची लेखी संमती हवीच. घरमालकांनाही विचारा, दारापुढच्या फोटोसेशनना तिथले रहिवासी खरंच कंटाळलेत.