नीस, फ्रान्स: स्टेशनजवळचं हॉटेल ठेवू की बदलू? उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय

खारीबिस्कीट
नीस-व्हील स्टेशनपासून पाच मिनिटांवर थ्री-स्टार हॉटेल बुक केलंय. रिव्ह्यू वाचून डोकं भणभणलंय. एक म्हणतो एरिया कळकट, दुसरा म्हणतो एकदम सोयीचा. समुद्राजवळचं याच दर्जाचं हॉटेल जवळपास दीडपट पडतंय. फुकट कॅन्सल करायची मुदत उद्या रात्री संपते. कुणी राहिलं असेल तर प्लीज स्पष्ट सांगा, ठेवू की बदलू?

डोंगरवाट
कोण कोण जाताय? महिना कुठला? त्याशिवाय काय सांगणार?

ओटीवरून
डोळे झाकून ठेवा. आम्ही तिथेच राहिलो होतो. १ नंबरची ट्राम स्टेशनवरून थेट प्लास मासेनाला, म्हणजे मुख्य चौकात, आणि पुढे जुन्या नीसला जाते. मोनॅको ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं. समुद्र चालत वीसेक मिनिटांवर. रात्री उशिरा पर्स सांभाळा, बस्स.

कैरीचं_पन्हं
मी तर म्हणेन हॉटेलच नको, अपार्टमेंट घ्या. सकाळी कूर सालेयाच्या बाजारातून ताजी भाजी आणायची आणि घरी वरणभात लावायचा. फक्त सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी तिथे भाजीऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार असतो.

ओटीवरून
अहो ताई, त्यांनी हॉटेलबद्दल विचारलंय. अपार्टमेंट सकाळीच रिकामं करायचं आणि विमान रात्रीचं असलं तर बॅगा घेऊन फिरायचं कुठे? हॉटेलात रिसेप्शनला ठेवून घेतात.

कैरीचं_पन्हं
आम्हाला कधीच अडचण आली नाही. घरमालकाशी नीट बोललं की ठेवू देतात.

खारीबिस्कीट
आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी. ऑगस्ट. अपार्टमेंट नकोय, आईला सुट्टीत स्वयंपाकघर दिसायलाच नको. ठेवू का मग?

डोंगरवाट
ऑगस्टमध्ये एसी हवाच, तो आहे ना बघा. आणि आई-बाबांना जिने जमतात का? तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली असते, दोन माणसं आणि एक बॅग कशीबशी मावते. काही ठिकाणी लिफ्टच्या दारापर्यंत पोचायलाच पायऱ्या चढाव्या लागतात.

खारीबिस्कीट
एसी आहे. लिफ्टही आहे असं लिहिलंय. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय.

डोंगरवाट
अहो, मग सगळा प्रश्न इथेच आहे! आत्ताच्या आत्ता हॉटेलला मेल टाका. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, कठडा आहे का, आणि बाथरूममध्ये टब आहे की नुसता शॉवर. टबची कड गुडघ्याएवढी उंच असते. ओल्या पायाने ती ओलांडताना माझ्या सासऱ्यांचा तोल गेला होता, मी मागे होतो म्हणून निभावलं.

व्हिसावाले_काका
व्हिसाच्या फाइलला कुठलं बुकिंग लावलंय? बदललंत तर नवीन कन्फर्मेशनची प्रिंट जवळ ठेवा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आहे ना?

खारीबिस्कीट
काका, व्हिसा आलाय. इन्शुरन्सही आहे. मेल टाकलाय.

वाफाळता_चहा
समुद्राजवळ घेतलंत तरी नीसचा किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही. बाबांना त्यावर उतरवू नका. प्रोमनाड, म्हणजे किनाऱ्यालगतचा फिरायचा रस्ता, मात्र सपाट आहे आणि निळ्या खुर्च्या असतात, तिथे ते आरामात बसतील. किल्ल्याच्या टेकडीवर जायला फुकट लिफ्ट आहे. मुलीला वाळू हवी असेल तर ट्रेनने विलफ्रांशला जा, दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि टुरिस्ट टॅक्स माणशी वेगळा पडतो, १८ वर्षांखालच्यांना नाही.

कैरीचं_पन्हं
आई-बाबांना सोक्का नक्की खाऊ घाला! हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. भल्यामोठ्या परातीत पातळ ओतून भट्टीत भाजतात आणि वरून मिरपूड. कडा करपूस, मधे मऊ, थेट आपलं धिरडंच. गरमच खायचा, गार झाला की चिवट होतो.

खारीबिस्कीट
हॉटेलचं उत्तर आलं. लिफ्टच्या आधी सात पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, दोन्ही खोल्यांत टब. कॅन्सल करतेय. प्रोमनाडच्या मागच्या गल्लीतल्या हॉटेलने पायऱ्या नाहीत आणि शॉवर सपाट आहे असं लेखी कळवलंय. पैसे जास्त जातील, जाऊ देत. डोंगरवाट, मनापासून आभार.

ओटीवरून
स्टेशनला जायला रोज ट्राम पकडावी लागेल, एवढं लक्षात ठेवा.

डोंगरवाट
ट्राममध्ये बसायला मिळतं हो. पायऱ्यांपेक्षा बरं.

नवीन_सभासद
इथेच विचारतो, ऑक्टोबरमध्ये तिथे पोहता येतं का?