पॅड जाड दिसत असूनही ब्रेकचा आवाज. घरी बदलावेत का?

सिंहगड रस्ता रहिवासी (प्रश्न)
नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची असून ५२,००० किमी चालली आहे. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. गेल्या रविवारी खेड शिवापूरहून परतताना कात्रजचा जुना घाट उतरत असता, ब्रेकवर हलका पाय ठेवला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि पाय उचलताच तो थांबत होता. घरी आल्यावर चाकाच्या फटीतून विजेरीने पाहिले, तर पॅडचा थर अजून चारेक मिमी दिसतो. मग आवाज कशाचा? पॅड बदलायचेच असतील तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतः ते करू शकेन का, आणि त्यासाठी ब्रेक ऑईलची नळी उघडावी लागते का?

जुना हौशी मेकॅनिक
चाकाच्या फटीतून आपल्याला दिसतो तो बाहेरचा पॅड. पिस्टनच्या (ब्रेक ऑईलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचा आतला पॅड कॅलिपरच्या, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर आवळणाऱ्या चिमट्यासारख्या भागाच्या, मागे दडलेला असतो आणि पॅड संपत आल्याचे सांगणारी पत्र्याची जीभ बऱ्याच गाड्यांत त्या आतल्या पॅडलाच असते. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती जीभ डिस्कला घासून शीळ घालते. त्यामुळे बाहेरचा पॅड चार मिमी असताना आवाज येत असेल, तर माझा पहिला संशय कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर जातो. या पिना अडकल्या की कॅलिपर मोकळेपणाने सरकत नाही, बाहेरच्या पॅडवर पुरेसा दाब येत नाही आणि सगळे काम आतल्या पॅडवर पडते. अशा वेळी नुसते पॅड बदलले, तर नवे पॅडही तसेच एका बाजूने झिजतील.

काम घरी करता येते आणि नळी उघडावी लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर गिअरमध्ये उभी करून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावून गाडी स्टँडवर टेकवा. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर पेटीच्या झाकणासारखा वर उचलता येतो. पूर्ण काढावा लागलाच, तर तारेने स्प्रिंगला बांधा. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंजाने) पिस्टन सावकाश आत दाबा. त्या वेळी ब्रेक ऑईलच्या टाकीकडे लक्ष असू द्या. पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी आपोआप उतरते. मधल्या काळात कोणी ती काठोकाठ भरून ठेवली असेल, तर आता ऑईल उतू जाईल, आणि ते रंगावर सांडले तर रंगाचे नुकसान ठरलेलेच. आधीच सिरिंजने थोडे काढून घ्यावे.

पिना बाहेर काढून पुसा आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस लावू नका, कारण त्याने पिनेवरचे रबरी बूट (आवरणे) फुगतात आणि पीन पुन्हा अडकते. पॅड चारांच्या संचात मिळतात. उजव्या चाकाचेही त्याच दिवशी बदला. नाना पेठेत भाग घ्यायला जाताना जुना पॅड सोबत असला, तर मॉडेलचा घोळ होत नाही.

पार्किंगमधला शेजारी
एकच सूचना. पॅडची धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. ब्रेक क्लीनर फवारून ओल्या फडक्याने पुसा. आणि उतारावर, म्हणजे बेसमेंटच्या रॅम्पवर, हे काम अजिबात करू नये.

सिंहगड रस्ता रहिवासी
आज सकाळी डावे चाक उघडले. आपला अंदाज अचूक ठरला: बाहेरचा पॅड चार मिमी, तर आतला जेमतेम दीड मिमी, आणि खालची पीन इतकी गंजलेली होती की ती पिळून काढायलाच अर्धा तास गेला. डिस्कच्या आतल्या बाजूला बारीक रेघा आहेत. डिस्कही बदलावी का?

जुना हौशी मेकॅनिक
रेघांवरून नख फिरवा. नख अडकत नसेल, तर चिंता नाही. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजून डिस्क त्याहून पातळ निघाली, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलाव्यात. गंजाने पिनेवर खड्डे पडले असतील, तर पीन आणि बूट नवेच घ्या. तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

सर्व बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळून झाले, की इंजिन चालू करून गाडी जागेवरच उभी असताना पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबा. पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल तळाशी जाते, आणि हे विसरून गाडी मागे घेणारा माणूस थेट भिंतीवर जातो. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा आणि प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट डिस्क गार होऊ द्या. सिंहगडाचा घाट मात्र पहिले दोनशे किमी होईपर्यंत टाळा.